कुंपण कोणी घालायचे?

गृहनिर्माण मंडळाच्या कोणत्याही जुन्या वसाहतीत इमारतींपेक्षा त्यांच्या पायथ्याचे चारपाच हात अधिक बोलके असतात. तळमजल्यावरच्या गाळ्यामागे कोणी अळू लावतो, कोणी कर्दळ, कोणी केळ. मोरीचे पाणी त्यांना पुरते. गुरे शिरू नयेत म्हणून प्रथम कामट्या येतात, मग काटेरी तार, मग पत्रा. पत्र्यावर छप्पर पडले की बागेची खोली होते, आणि ती रस्त्याच्या बाजूस असेल तर काही वर्षांत तिचे दुकान होते. वरच्या मजल्यावरील कुटुंबे हे सारे गॅलरीतून पाहत असतात. कुंपणच शेत खाते अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे मात्र कुंपण नसल्यामुळेच शेत खाल्ले जाते, आणि ते घालण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोणीच देत नाही.

कायद्याकडे वळल्यास उत्तर मिळेल अशी अपेक्षा असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम, वेगळा करार नसेल तेव्हा, भाडेकरूवर बरीच कर्तव्ये टाकते. स्वाभाविक झीज वगळता जागा मिळाली तशी राखावी, मालकाच्या संमतीवाचून कायमचे बांधकाम करू नये, आणि मालकाच्या हक्कावर अतिक्रमण होत असल्याचे दिसल्यास त्याला तत्परतेने कळवावे. परंतु भाडेकरूला भाड्याने मिळालेला असतो तो गाळा. त्याच्या भिंतीबाहेरची जमीन त्याला दिलेलीच नसते. तेथे कुंपण घालणे हे त्याचे कर्तव्य नव्हे, आणि काटेकोरपणे पाहिले तर त्याचा हक्कही नव्हे. ज्याचे कर्तव्य, ते मंडळ वांद्र्याच्या कचेरीत असते. नागलीच्या पेरापेक्षाही लहान अशा एका तुकड्यासाठी तेथून कोण येणार?

या वसाहतींचा इतिहासही गुंतागुंत वाढविणारा आहे. केंद्राने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अर्थसाह्यित घरांची योजना आणली. पुढे अल्प उत्पन्न गटासाठीही योजना आल्या. मुंबई राज्याच्या काळात स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने, व १९७७ नंतर त्याची जागा घेणाऱ्या ‘म्हाडा’ने, अशा योजनांखाली वसाहती उभ्या केल्या. ठाण्याचे वर्तकनगर ही त्यांपैकीच एक. कालांतराने अनेक ठिकाणी गाळे रहिवाशांच्या नावे झाले, त्यांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या, इमारत संस्थेला विकली गेली आणि खालची जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली. येथेच खरी गोम आहे. भाडेपट्ट्यात किती जमीन आली आणि किती मंडळाकडे राहिली, हे नकाशावर असते, जमिनीवर नसते. दोन इमारतींच्या रेषांमध्ये उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांना मंडळाच्या भाषेत ‘टिटबिट’ भूखंड म्हणतात. नाव खाऊचे आहे, आणि त्यांचे पुष्कळदा होतेही तेच.

संस्था झाल्यावर निदान एक गोष्ट स्पष्ट होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी आहे, आणि तीत अंतर्गत रस्ते, जलवाहिन्या, जिने यांबरोबर कुंपणभिंतीही आहेत. पण उपविधी खर्चाचा धनी सांगतो, लाभाचा नव्हे. परसातील अळू तळमजल्याचे आणि भिंतीची वर्गणी चौथ्या मजल्याचीही, हे समीकरण सर्वसाधारण सभेत टिकत नाही. विषय पुढील सभेवर जातो. दरम्यान तार आणखी दोन हात पुढे सरकते.

खासगी चाळींची कथा निराळी नाही. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या दुमजली घरांना एके काळी मेंदीची किंवा कोयनेलची वई असे. भाडे गोठलेले, म्हणून मालकाला तिच्यात रस उरला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जागा सुस्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूंनी ती करून खर्च भाड्यातून वळता करावा अशी सोयही आहे. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. हिशेब करून पाहावा. महिना १०० रुपये भाडे असेल तर वर्षाला ३०० रुपये होतात. तेवढ्यात फाटकाची बिजागरीही धड बसत नाही. शिवाय ज्यांचा मालक सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था आहे, त्यांच्या जागांना हा कायदाच लागू नाही.

कल्याणच्या रेल्वे वसाहतीत तर मुदतच आड येते. बदली किंवा निवृत्ती झाली की क्वार्टर सोडायचे. मग आज लावलेल्या रोपाचे आंबे कोण खाणार, या विचाराने कुंपणावर पदरचा पैसा कोणी घालत नाही. घालणारे असतात, पण ते हौशी.

ब्रिटनमधील नगरपालिकांच्या घरांतही हा तंटा जुनाच आहे. तेथे प्रत्येक घरामागे बाग असते, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. अनेक पालिकांनी त्यावर एक साधी वाटणी केली: सार्वजनिक वाटेला लागून असलेले कुंपण पालिकेचे, दोन बागांमधले भाडेकरूंचे. ही वाटणी सर्वस्वी न्याय्य आहे असे नव्हे, परंतु ती भाडेकरूला घरात शिरण्यापूर्वी ठाऊक असते.

सामाईक साधनसंपत्ती टिकवून धरणाऱ्या समाजांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये जी तत्त्वे मांडली, त्यांत पहिले तत्त्व स्पष्ट सीमांचे होते. या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातील गडगा घालणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकते. शहरात आला की हाच माणूस मोजणीचा दगड कोठे आहे हे विचारायचे विसरतो, कारण धारक तो नाही अशी त्याची खात्री असते.

ही अनास्था केवळ चार केळींपुरती असती तर तिच्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची कुंपणभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच आठवड्यात, २ जुलैच्या मध्यरात्री, कल्याणला एका शाळेची भिंत लगतच्या घरांवर पडून तिघांचा बळी गेला. भिंतीमागे साचलेले पाणी बाहेर पडायला वाट नसली की मातीचा दाब वाढत जातो, आणि भिंत पडते ती नेहमी उताराच्या बाजूला. त्या बाजूला राहणाऱ्याने ती बांधलेली नसते. तिच्या दुरुस्तीचा ठराव करणाऱ्या सभेत त्याला मतही नसते.

तेव्हा प्रश्न सोडवायचा तर तो पुनर्विकासाच्या आधी सोडवावा लागेल. वर्तकनगरातील अनेक जुन्या इमारतींच्या जागी आता मनोरे उभे आहेत. नवी भिंत विकासक बांधतो. ती कोणत्या रेषेवर बांधायची हे मात्र त्या वेळी संस्थेच्या हाती असलेल्या कागदांवरून ठरते. मोजणीचा अर्ज हे फार खर्चाचे काम नाही. तो करावा, मंडळाच्या अधिकाऱ्यासमक्ष खुणा रोवून घ्याव्यात, आणि टिटबिट तुकडा हवा असेल तर तो तळमजल्याच्या नव्हे तर संस्थेच्या नावे मागावा. परसाचा उपयोग ज्याला हवा त्याने त्याबद्दल संस्थेला वार्षिक रक्कम द्यावी व ती कुंपणाच्या खात्यात वेगळी ठेवावी. चौथ्या मजल्याची तक्रार मग बऱ्याच अंशी मिटेल. उताराकडील भिंतीतून पाणी जाण्याची भोके मे महिन्यात साफ करण्याचे काम कोणाचे, हे सभेच्या इतिवृत्तात नावानिशी लिहिलेले असावे. अळू काढून टाकण्याची गरज नाही.