उतारवयातील स्मरणचित्रे : लातूरच्या निमित्ताने एक मागोवा

उतारवयात कुंचला हाती घेणाऱ्यांचा मागोवा रवींद्रनाथ टागोरांपासून घेणे उचित ठरते. 1924 मध्ये ‘पूरबी’च्या हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांच्या हातून आकृती उमटू लागल्या, आणि कोणत्याही कलाशाळेत न शिकलेल्या या कवीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा त्यांच्या वयाला 69 वर्षे होत होती, पुढे त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली. मध्य प्रदेशातील बैगा समाजाच्या जोधैयाबाई बैगा यांनी तर सत्तरीच्या आसपास, एका कलाशिक्षकाच्या प्रोत्साहनाने, चित्रे काढण्यास आरंभ केला आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोलमजुरीत गेलेल्या आयुष्याने त्यांना जंगल, प्राणी आणि देवदेवता यांचे जे भांडार दिले होते, तेच त्यांच्या चित्रांत उतरले.

असे आठवणींचे भांडार लातूरमध्ये कोणते आहे, याचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. 1982 मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाला आणि त्या दशकात शाळा, कचेऱ्या व बँकांत रुजू झालेली पिढी आता बहुतांशी निवृत्त झाली आहे. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ हा विषय परिचित असतो; समोर वस्तू वा प्रसंग नसताना, केवळ पूर्वी पाहिलेल्याच्या आधारे काढलेले चित्र म्हणजे स्मरणचित्र.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर माळवदाचा, म्हणजे तुळयांवर मातीचा थर देऊन केलेल्या सपाट छताचा, भार पेलणारी घरे हजारो माणसांसह कोसळली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे पुढे नव्या जागी आखीव रस्त्यांसह वसवली गेली. जुन्या गावांतील वाकड्या बोळी, धान्याची बळदे आणि दरवाजाच्या आत गप्पांची बैठक असलेली ढेळज ही सर्व रचना आज मुख्यत्वे त्या काळातील माणसांच्या स्मरणातच उरली आहे.

म्हणून अशा निवृत्त माणसाने पेन्सिल उचलली, तर त्याच्या सरावास छंदापलीकडचे मोल येते. त्यासाठी हात मात्र तयार करावा लागतो, आणि ही तयारी लातूर शहरातच होऊ शकते: 1917 मध्ये बांधलेल्या गंजगोलाईच्या वर्तुळाकार इमारतीसमोर बसल्यास वर्तुळ डोळ्याला लंबवर्तुळासारखे दिसते, हा यथार्थदर्शनाचा, म्हणजे दूर-जवळचा भास कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा, पहिला धडा मिळतो. रेषा कमावण्यास वर्षे लागतील, पण ढेळजेतून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या, हे सांगणारी पिढी कायम राहणार नाही. त्यामुळे चित्र सफाईदार होण्याची वाट न पाहता ते आजच काढले जाणे अधिक निकडीचे आहे.