नस दबली म्हणून मणक्याचं ऑपरेशन : कधी थांबावं, कधी धावावं?

"नस दबलीय, ऑपरेशन सांगितलंय" असं कळलं की घरातले सगळेच घाबरतात. त्यात कुणीतरी म्हणतं, मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून आधी आजार समजून घेऊ.

कमरेच्या मणक्यांमधल्या पोकळीतून पायांच्या नसा खाली उतरतात. वयानुसार मणक्यांमधली गादी झिजते, हाड वाढतं आणि ही वाट अरुंद होते. मग थोडं चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. तरावीहला उभं राहवत नाही, पण बसल्यावर आराम पडतो, असं घरातली वडीलधारी माणसं सांगत असतील तर हे कारण असू शकतं. तरुणांमध्ये बहुधा गादी सरकून नस दबते. त्यातल्या बहुतेकांना औषधं, हालचाल आणि व्यायामाने 6 ते 12 आठवड्यांत आराम पडतो.

तरीही पायातली कळ थांबली नाही, किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर ऑपरेशनचा विचार होतो. यात नस कापत नाहीत, तिच्यावरचा दाब काढतात. मणक्याच्या मागचं थोडं हाड काढलं तर लॅमिनेक्टॉमी, गादीचा सरकलेला तुकडा काढला तर डिसेक्टॉमी. बहुतेक पेशंटना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पायाची कळ बऱ्याचदा कमी होते. कंबरदुखी मात्र राहू शकते, आणि बधिरपणा जायला काही महिने लागतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नसेला इजा हे धोकेही आहेत. म्हणून शुगर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. सजदा कधीपासून करायचा, तोवर खुर्चीवर नमाज पढायची का, हेही विचारून घ्या.

एका बाबतीत मात्र थांबू नका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात जा. उशीर झाला तर हे नुकसान कायमचं राहू शकतं.

अशा गोष्टी अम्मी किंवा दादी लाजून सांगत नाहीत. म्हणून तुम्हीच विचारा.