पाण्यात उतरल्यावर

बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने काय करावे, याबद्दल आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. सकाळी फिरायला जावे, दुपारी पासबुक भरून आणावे, संध्याकाळी नातवाला बागेत न्यावे. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मला थोडी सवलत होती. 'लेखक आहेत, चालायचंच,' असे म्हणून लोक सोडून देत. पण वयाच्या ६२व्या वर्षी मी ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवले आणि ती सवलतही संपली. धाकट्या बहिणीने फोन केला तो मला नाही, सौभाग्यवतींना. "वहिनी, दादाची तब्येत ठीक आहे ना?"

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल आणि मग धावणे. तिन्ही एका दमात. मध्ये घड्याळ थांबत नाही. वर्तमानपत्रांत गाजतो तो 'आयर्नमॅन' : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. मिलिंद सोमणने २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचला हे सारे १५ तास १९ मिनिटांत पुरे केले, तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मात्र राहून गेली. सोमण हा मुळात राष्ट्रीय विजेता जलतरणपटू. पाणी हे त्याचे माहेर. तुमचे-आमचे तसे नाही.

तुमच्या-आमच्यासाठी आहे ती छोटी ट्रायथलॉन. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, त्या अंतराच्या हे बरोबर निम्मे. खरे पाहता या खेळाचा जन्मच हौशी लोकांच्या हातून झाला. २५ सप्टेंबर १९७४ रोजी, बुधवारी संध्याकाळी, अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे खाडीकाठी तिथल्या धावपटूंच्या क्लबने धावणे, सायकल आणि पोहणे यांची एक शर्यत ठेवली. ४६ जण आले. त्यांना लागणाऱ्या वेळाचा अंदाज पार चुकला, अंधार पडला आणि शेवटच्या गड्यांना वाट दिसावी म्हणून मोटारींचे दिवे लावावे लागले! पुढे पोहणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्यामागे व्यवहार आहे. दमलेला माणूस रस्त्यावर फार तर बसकण मारील; पाण्यात बसायला जागा नसते.

आता तुम्ही विचाराल, यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या मुलखाचा याच्याशी काय संबंध? आहे, आणि तो जुना आहे.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे झरी जामणी भागात गेली. जिल्ह्याचे हे दक्षिणेचे टोक. खाली पैनगंगा, तिच्या पलीकडे आदिलाबाद. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस होते. कुणाला बैलजोडीसाठी, कुणाला शेळ्यांसाठी कर्ज दिलेले असे आणि ती बैलजोडी खरोखरच दावणीला आहे का, हे पाहायला आम्हाला गावोगावी, कोलामांच्या पोडांवर जावे लागे. जीप असायची ती कागदावर. मग मी आणि आमच्या शाखेचे शिपाई, दोघे दोन सायकली काढायचो. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरायची की सायकल आमच्यावर बसून यायची. ऑफिसात बसून बँकिंग केलेल्यांना हे सांगून पटत नाही.

आजही या तालुक्यात पहाटे पाचला निघालात, तर डांबरी रस्त्यावर पोरे-पोरी धावताना दिसतील. ही मॅरेथॉनची हौस नव्हे, पोलीस भरती! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. सायकल तर शाळेच्या वाटेवर रोजचीच. म्हणजे ट्रायथलॉनमधले दोन खेळ आमच्याकडे गरजेने घरोघरी पोचलेले आहेत. अडते ते तिसऱ्यापाशी. गावाच्या नावात झरी आहे, अंगाला नदी आहे, शेतात विहिरी आहेत. तरी पाण्याशी गावाचे नाते सरसकट नाही. गुराख्याचा पोरगा बैलाची शेपटी धरून डोह पार करतो आणि पोहायला शिकतो. मास्तरांचा मुलगा शिकत नाही, कारण त्याला नदीकडे जायची बंदी. आणि मुलगी? ती नदीवर रोज जाते, धुणे घेऊन. पण घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत.

मी त्या मास्तरांच्या मुलासारखाच वाढलेलो. त्यामुळे ६१व्या वर्षी नागपूरच्या एका तरणतलावात कठड्याला घट्ट धरून उभा राहिलो, तेव्हा शेजारी ८ वर्षांची चिमुरडी सूर मारत होती. शिकवणारा मुलगा जेमतेम २२ वर्षांचा. त्याने पहिल्याच दिवशी लाखाची गोष्ट सांगितली. "काका, श्वास घ्यायची काळजी करू नका. सोडायची करा." नवखा माणूस पाण्यात तोंड घातले की श्वास कोंडून धरतो. छातीत कर्बवायू साठतो, जीव घाबरा होतो आणि त्याला वाटते, आपल्याला हवा कमी पडते आहे. खरे तर जुनी हवा बाहेर गेलेली नसते. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहणे, एवढे एकच काम मी तीन आठवडे केले.

त्याआधी डॉक्टरांकडे गेलो, हे आवर्जून सांगतो. २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिथल्या तीस वर्षांच्या ट्रायथलॉन शर्यतींचा हिशेब मांडला. मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे मिळून १३५ प्रसंग. त्यांतले ९० पाण्यात. साठीपुढच्या पुरुषांना धोका अधिक. हे आकडे वाचून मी हृदयाची तपासणी करून घेतली, पट्ट्यावर धावून दाखवले, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच शुल्क भरले. वय झालेल्या वाचकांनी यात चालढकल करू नये. उलट बाजूही सांगायला हवी. जपानचे हिरोमू इनादा नावाचे एक निवृत्त वार्ताहर वयाच्या साठीत पोहायला शिकले, सत्तरीला पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१८ साली, ८५व्या वर्षी, हवाईतली जागतिक आयर्नमॅन वेळेत पुरी केली. त्यांचा फोटो मी कपाटाच्या दाराला आतून लावला होता. बाहेरून लावायची सोय नव्हती.

तरणतलावात ७५० मीटर जमू लागले, पण उघड्या पाण्याचे गणित निराळे असते. तळाशी पट्टा नाही, हाताशी भिंत नाही, पाणी गढूळ. म्हणून पाऊस सरल्यावर झरी जामणीला आमच्या जुन्या शिपायांकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण पाण्यात मासा. शर्यतीचे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे साहेब, पैसे आपुनच द्याचे अन् पळाचंबी आपुनच?" या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते डोहावर हजर होते. मी हातपाय आपटायला लागलो की काठावरून आवाज यायचा, "पाण्यासंगं भांडू नोका, साहेब!" सरळ रेषेत कसे जायचे, तेही त्यांनीच शिकवले. समोरच्या काठावरचा एक पळस दाखवून म्हणाले, दर दहा हातांनी डोके उचलायचे, पळस पाहायचा, पुन्हा खाली. शर्यतीच्या पुस्तकात हेच लिहिलेले असते, फक्त पळसाऐवजी तरंगता फुगा असतो. (आणि तो पळस तेलंगणातला होता!)

हिवाळ्यात एका धरणाच्या काठावर शर्यत झाली. दंडावर शाईने नंबर, घोट्याला वेळ मोजणारी चकती. पाण्यात उतरल्यावर पहिल्याच मिनिटात कुणाची तरी टाच कानशिलावर बसली आणि तोंडात पाणी गेले. मी उताणा झालो, आभाळाकडे पाहून दहा श्वास सोडले. नियमाने हे चालते. कुठल्याही पद्धतीने पोहता येते, बचावाची होडी धरून थांबताही येते. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. पोहणे २६ मिनिटे. कपडे-बूट बदलण्यात ६ मिनिटे. त्यातली दोन ओल्या पायात मोजे चढवण्यात. इथे एक कडक नियम असतो : आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. सायकल ५८ मिनिटे. पुन्हा बदलायला ३. मग धावायला लागलो तर पाय दुसऱ्याच कुणाचे तरी! वीस किलोमीटर पायडल फिरवलेले पाय जमिनीवर चालणे विसरतात. किलोमीटरभराने ओळख पटते. धावणे ४१ मिनिटे. एकूण २ तास १४ मिनिटे. बेरीज दोनदा तपासली, सवय जात नाही. शेवटून चौथा आलो.

आठवड्याने पदक दाखवायला भाऊंकडे गेलो. त्यांनी ते तळहातावर तोलून पाहिले आणि नातीकडे दिले. ही १७ वर्षांची पोर भरतीची तयारी करते. माझ्या सरावाच्या दिवसांत काठावर उभी राहून मोबाइलवर माझी वेळ लावायची. पदक उलटसुलट करून तिने आजोबांना विचारले, "आबा, मले काहून नाही शिकोलं पोहाले?"

भाऊ काही तरी बोलू लागले, "पोरीच्या जातीनं..." आणि थांबले. नदीवर धुणे धुताना पाय घसरून बाया-पोरी वाहून गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या त्यांनीही वाचलेल्या आहेत. मीही काही बोललो नाही. चहा आला, तो प्यायलो.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. तेलाचा रिकामा डबा घासून, झाकणाला मेण लावून नातीच्या पाठीला बांधला होता. शेजारच्या दोन मुलीही येऊ लागल्या होत्या. त्यांच्या आया काठावर बसून असत. फेब्रुवारीत पुन्हा फोन. नातीने डबा सोडून बारा हात अंतर कापले होते. पोलीस भरतीत पोहण्याला गुण नाहीत, हे मी त्यांना आठवण म्हणून सांगितले.

"ठावं हाये," भाऊ म्हणाले. "डोहात पाणी हाये तवर रोज नेतो."