घरापुढे लिहिलेला आकडा

समुद्राची पातळी वाढत आहे, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. १९०१ ते २०१८ या काळात ती सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जमिनीवरचा बर्फ वितळतो आणि तापलेले पाणी प्रसरण पावते, ही त्याची दोन मुख्य कारणे होत. परंतु शंभराहून अधिक वर्षांत जेमतेम वीतभर वाढ म्हटल्यावर कोणाची झोप उडणार? हाच आकडा लोकांच्या दारात उभा करणाऱ्या एका उपक्रमाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मायामीजवळ पाइनक्रेस्ट ही सुखवस्तू लोकांची वसाहत आहे. चित्रकार झेवियर कोर्टाडा यांनी २०१८ साली तेथील रहिवाशांना आवाहन केले की, आपले घर समुद्रसपाटीपासून किती फूट उंच आहे ते प्रत्येकाने शोधावे आणि तो आकडा पाटीवर लिहून अंगणात लावावा. समुद्र तितके फूट चढला की घर पाण्याखाली, असा त्याचा सरळ अर्थ. चौकांतील रस्त्यांवरही त्या त्या जागेची उंची रंगवण्यात आली. पाट्यांवरील चित्रे कोर्टाडा यांनी अंटार्क्टिकात तेथलाच बर्फ वितळवून केलेल्या चित्रांवरून घेतली होती. म्हणजे जे पाणी उद्या यायचे, त्याचेच चित्र आज दारात!

कला येथेच थांबली असती तर ती शोभेची गोष्ट झाली असती. कोर्टाडा यांनी आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेसारखा 'पाण्याखालील घरमालकांचा संघ' स्थापन केला आणि रहिवाशांनी सभा भरवून एकत्र विचार सुरू केला. याची गरजही होती. तेथील जमिनीखाली सच्छिद्र चुनखडक आहे, त्यामुळे किनाऱ्याला भिंत घातली तरी पाणी खालून वर येते. आम्ही बँकेत काम करणारे, म्हणून आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. तेथे गृहकर्जाची मुदत बहुधा ३० वर्षांची असते. तारण घराच्या दारात असा आकडा स्वतः लावायचा, याला धैर्य लागते.

मात्र हीच उंची मायामीच्या दुसऱ्या भागात वेगळा प्रश्न निर्माण करते. लिबर्टी सिटी ही कृष्णवर्णीयांची वस्ती किनाऱ्यापासून आत, उंचवट्यावर आहे. वर्णभेदाच्या काळात किनारा गोऱ्यांचा होता. १९३७ साली तेथे कृष्णवर्णीयांसाठी सरकारी घरे बांधली गेली आणि गोऱ्यांच्या वस्तीपासून वेगळे राखण्यासाठी भिंतही उभारली गेली. कोणी कोठे राहावे हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. आता पाण्याच्या भीतीने तीच उंच जागा धनिकांना हवीशी वाटू लागली आहे, आणि भाडे वाढून आपल्याला बाहेर पडावे लागेल अशी धास्ती तेथील जुन्या रहिवाशांना आहे. त्यांनी आवाज उठवल्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये मायामीच्या नगर आयोगाने या प्रश्नाचा अभ्यास करण्याचा ठराव संमत केला.