पिशवीशेजारचा बल्ब

रक्तदानाच्या वेळी सगळ्यांचे लक्ष पिशवीकडे असते. संशोधकाला मात्र तिच्याबरोबर भरला जाणारा जांभळ्या टोपणाचा छोटा बल्ब हवा असतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की त्यातल्या रक्ताचे थर पडतात: तळाशी लाल पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ पापुद्रा. पापुद्र्यातून डीएनए मिळतो, रक्तद्रवातून प्रथिने आणि प्रतिपिंडे. दात्याच्या संमतीने असे नमुने गोठवून संशोधनासाठी राखणारी संस्था म्हणजे रक्तदात्यांची बायोबँक.

रुग्णालयातला नमुना बहुधा आजार जडल्यानंतरचा असतो. रक्तदाता धडधाकट असताना येतो आणि काही महिन्यांनी पुन्हा येतो. पुढे कधी त्याला संधिवात झालाच, तर आधीच्या कित्येक वर्षांचे रक्त हाताशी असते. २०१० साली सुरू झालेला डॅनिश रक्तदाता अभ्यास याच भांडवलावर उभा आहे. त्यात लाखाहून अधिक दाते आहेत. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला स्वतंत्र क्रमांक आहे आणि १९७७ पासून रुग्णालयांच्या नोंदी देशपातळीवर ठेवल्या जातात, त्यामुळे बल्बाची आजाराशी गाठ घालता येते. ही सोय नसती, तर फ्रीजर भरलेले असूनही उपयोग बेताचाच झाला असता.

साठवताना ज्याची चाचणीच उपलब्ध नव्हती, तो प्रश्नही नमुना पुढे सोडवतो. अमेरिकेत १९८४-८५ मध्ये चार महानगरांतल्या सुमारे २ लाख रक्तदानांचे नमुने राखून ठेवले गेले. एचआयव्हीच्या चाचणीला परवाना मिळाला मार्च १९८५ मध्ये. मग ते जुने नमुने तपासून रक्तातून संसर्ग कसा पसरला, याचा माग काढता आला.

दात्यांवरचे संशोधन दात्यांच्याही कामी येते. इंग्लंडमधल्या ‘इंटरव्हल’ चाचणीत सुमारे ४५ हजार दाते होते. काही पुरुषांनी १२ आठवड्यांऐवजी १० किंवा ८, तर काही स्त्रियांनी १६ ऐवजी १४ किंवा १२ आठवड्यांनी रक्त दिले. दोन वर्षांत रक्त जास्त जमले, पण लवकर लवकर देणाऱ्यांच्या शरीरातले लोह घटले, थकवा आणि चक्कर यांच्या तक्रारी वाढल्या.

उणीव आहे ती दात्याच्या निरोगीपणातच. आजारी माणसाला रक्तपेढी परत पाठवते, म्हणून दाते म्हणजे अख्खा समाज नव्हे. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कने २०,६४० दात्यांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे शोधली, प्रमाण १.९ टक्के निघाले. त्या दात्यांमध्ये सत्तरीपुढचे कोणीच नव्हते, आणि कोविडने सर्वाधिक मृत्यू होत होते ते त्याच वयात.