चेंडू मोजणारा खेळ

इंदूरला क्रिकेट शिकवायला बाहेरून कोणी यावे, अशी वेळ गेल्या कित्येक दशकांत आलेली नाही. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात घरच्या माणसांसारखी येत. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढूनही पराभूत संघात राहिला, ही कथा अनेकांना तोंडपाठ आहे. राहुल द्रविडचा जन्मही याच शहरातला. अशा गावात बेसबॉलचा विषय काढणे म्हणजे सराफ्यात जाऊन पिझ्झ्याचे गुणगान करण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही आज तो काढावासा वाटतो, आणि त्याचे कारण खेळाच्या मैदानापेक्षा माझ्या तपासणीच्या खोलीत अधिक आहे.

काही वर्षांपूर्वी एक बारा वर्षांचा मुलगा उजव्या कोपराच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आला. सकाळी प्रशिक्षण, दुपारी शाळेचा संघ, संध्याकाळी कॉलनीतला सामना आणि रविवारी स्पर्धा, असा त्याचा क्रम होता. गोलंदाजी करून झाली की तोच मुलगा सीमारेषेवरून लांब फेकीचा सराव करी. तीन आठवडे स्प्रे आणि पट्टी यांवर निभावले होते. त्याच्या धावा आणि बळी वडिलांना पाठ होते. मी विचारले, “हा दिवसाला एकूण किती चेंडू टाकतो?” वडिलांनी आईकडे पाहिले, आईने मुलाकडे. उत्तर कोणाकडेच नव्हते.

बेसबॉलमध्ये हा प्रश्न अनुत्तरित राहत नाही, म्हणून त्या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ, चौकटीच्या आकारात मांडलेले चार तळ आणि मध्यभागी उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकणारा पिचर. फलंदाजाने चेंडू टोलवून एकेक तळ गाठत मूळ जागी परतायचे, म्हणजे एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो. ज्यांनी लहानपणी लगोरी आणि विटी-दांडू खेळला आहे, त्यांना यातले काहीच फारसे परके वाटणार नाही. नेम धरून फेकणे, अचूक झेलणे आणि जीव घेऊन पळणे, एवढाच त्याचा गाभा आहे.

खुद्द अमेरिकाही एके काळी क्रिकेट खेळत असे. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. १८६९ साली सिनसिनाटीचा पहिला उघड व्यावसायिक बेसबॉल संघ बांधणारा हॅरी राइट हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा होता. बेसबॉलला जपून राखलेली खेळपट्टी लागत नाही आणि सामना दुपारभरात आटोपतो, हे त्याच्या प्रसाराचे एक मोठे कारण ठरले.

आपल्या देशात मणिपूरमध्ये दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांमुळे हा खेळ पोहोचला आणि तेथे स्त्रियाही तो आवडीने खेळतात. २००८ साली वेगवान फेक करणाऱ्या तरुणांचा शोध घेण्यासाठी भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा झाली. तीत उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनीही पूर्वी बेसबॉल हाती धरला नव्हता. तरी त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. रिंकूने कनिष्ठ स्तरावर काही हंगाम चांगली कामगिरी केली. पुढे हाताच्या दुखापतीने त्याचा खेळ थांबला आणि तो कुस्तीच्या व्यावसायिक आखाड्याकडे वळला.

हाताची दुखापत हा बेसबॉलचा जुना शाप आहे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवला. ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. प्रौढांत अस्थिबंध फाटतो. मुलांमध्ये त्याआधीच हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा, जिला आपण ग्रोथ प्लेट म्हणतो, ती दुखावते. कोपराच्या आतल्या बाजूची ही कूर्चा साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत आणि खांद्याची त्याहूनही पुढे काही काळ कोवळी असते. बलवान स्नायू त्या कोवळ्या जागेला वारंवार खेचतात. बालरोगतज्ज्ञ ‘लिटल लीगर्स एल्बो’ आणि ‘लिटल लीगर्स शोल्डर’ म्हणतात ते हेच.

या शापावर त्या खेळाने जो उपाय काढला, तो मला मोलाचा वाटतो. लिटल लीगने २००७ पासून डाव मोजण्याऐवजी मुलाने टाकलेले चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ साली आलेल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीनुसार सात-आठ वर्षांच्या मुलाने दिवसाला ५०, नऊ-दहाच्या मुलाने ७५, अकरा-बाराच्या मुलाने ८५ आणि तेरा-चौदाच्या मुलाने ९५ याहून अधिक चेंडू टाकू नयेत. चौदा वर्षांखालील मुलाने एका दिवशी ६६ किंवा त्याहून अधिक चेंडू टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने पिचिंगपासून सुट्टी, आणि पिचरने त्याच सामन्यात यष्टिरक्षकासारखे कॅचरचे काम करायचे नाही, हेही त्यात आले.

हे आकडे क्रिकेटला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. बेसबॉलची फेक वाकवलेल्या कोपराने होते, म्हणून भार कोपर आणि खांद्यावर येतो. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजीचा भार कमरेच्या मणक्यावर येतो आणि वाढत्या मुलांत तेथे ताणाचे अस्थिभंग होतात. परंतु क्षेत्ररक्षकाची लांब फेक मात्र हुबेहूब बेसबॉलसारखीच असते, आणि आपण तिचा हिशेबच ठेवत नाही. षटके धावफलकावर दिसतात. सरावाचे चेंडू आणि फेकी कोठेच दिसत नाहीत.

म्हणूनच सुचवावेसे वाटते की आपल्या वस्तीत बेसबॉल जरूर यावा, पण क्रिकेटचा प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे क्रिकेटची बॅट बाजूला ठेवून चिमणबागेसारख्या मैदानावर स्नेहलतागंजातील मुलामुलींना तो खेळू द्यावा. आठ वर्षांखालील मुलांना वेगवान पिचिंग नकोच. स्टँडवर ठेवलेला मऊ चेंडू टोलवण्याचा टी-बॉल त्यांना पुरेसा आहे. मोठ्यांसाठी शाळांतून खेळला जाणारा सॉफ्टबॉल हा जवळचा दुवा आहे. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक छोटी वही द्यावी: तारीख, टाकलेले चेंडू, लांब फेकी, आणि ‘दुखले का?’ एवढे चार रकाने. शिबिर संपल्यावर मूल क्रिकेटकडे परतेल, तेव्हा ती वही त्याच्याबरोबर परतावी.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेट आणि बेसबॉल या दोन्ही खेळांचा समावेश मंजूर केला. एकाच मुळाचे म्हणावेत असे हे दोन खेळ एकाच अंगणात येत आहेत. आपल्या मुलांनीही दोन्ही खेळावेत.

त्या बारा वर्षांच्या मुलाचा हात तीन महिने पूर्ण विश्रांतीनंतर बरा झाला. परत तपासणीला आला तेव्हा त्याच्या वडिलांच्या खिशात एक वही होती. तीत धावा लिहिलेल्या नव्हत्या.