नकाशा कसा बोलतो

तलाठ्याकडे गावचा नकाशा असतो. त्यात आपली शीव दिसते, ओढा दिसतो, शेतांच्या हद्दी दिसतात. बांधाचे भांडण झाले की आपल्याला नकाशा आठवतो. पण नकाशा माणसांचे प्राणही वाचवतो. कसा, ते आम्ही सांगतो.

लंडन शहरात सोहो नावाची वस्ती आहे. १८५४ साली तेथे पटकीची साथ आली. दहा दिवसांत पाचशेच्यावर माणसे दगावली. लोक घरेदारे सोडून पळाले. पटकी घाणेरड्या हवेने होते, असे तेव्हा मोठमोठे डॉक्टरही म्हणत. जॉन स्नो या डॉक्टरला मात्र ते पटेना. त्याचा संशय पाण्यावर होता.

तो दारोदार फिरला. या घरात कोण गेले? पाणी कुठून आणत होता? असे विचारत गेला. मेलेली बहुतेक माणसे ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी पिणारी निघाली. त्या पंपाजवळच बिअरचा कारखाना होता. तिथला एकही कामगार दगावला नाही. कारखान्याची विहीर वेगळी होती आणि कामगार बिअरच पीत.

स्नोने हे वस्तीच्या कारभाऱ्यांना सांगितले. ८ सप्टेंबरला पंपाची दांडी काढून टाकली. साथ तोवर ओसरू लागली होती. पण ते पाणी बंद झाले, हे फार बरे झाले.

मग स्नोने नकाशा काढला. एका मृत्यूला एक काळी रेघ. रेघा पंपाभोवती दाट पडल्या, लांब विरळ झाल्या. पुढे तिथे खणून पाहिले. शेजारच्या घरातला मैला पंपाच्या विहिरीत पाझरत होता!

आता हे काम संगणक करतो. समजा, एका पातळ कागदावर विहिरी काढल्या, दुसऱ्यावर संडास, तिसऱ्यावर जमिनीचा उतार. तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तर कोणत्या विहिरीला धोका आहे ते चटकन दिसेल. संगणकात असेच नकाशांचे थर असतात. १९६० ते १९७० या काळात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात हे काम सुरू केले. याला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. आता उपग्रहांनी टिपलेली चित्रेही या थरांत घालतात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नकाशा बोट दाखवतो. घरोघर जाऊन खरे-खोटे माणसालाच करावे लागते. स्नोने तेच केले.

आपणही करून पाहू या. एका मोठ्या कागदावर आपली आळी काढा. विहिरी, हापसे, संडासाचे खड्डे, गटारे दाखवा. जुलाब किंवा कावीळ झालेल्या प्रत्येक घरावर एक ठिपका द्या. ठिपके एखाद्या पाणवठ्याभोवती दाटले, तर ते पाणी पिणे थांबवा. कागद घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि पाणी तपासून घ्या.

अक्षर आले तशी रेघही येईल. आपल्या गावाचा नकाशा आपल्याइतका कुणाला ठाऊक?